शिल्लक हीच तक्रार : पेणची मिठागरे, शेरामागे एक आणा आणि गोखल्यांचे १९०२ चे भाषण (थ्रेड)

पेण सोडून रामवाडी मागे टाकली की महामार्ग वडखळकडे वळतो आणि पश्चिमेला धरमतरच्या खाडीपर्यंत सपाट, खारी जमीन पसरलेली दिसते. आज पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती आठवतात. सव्वाशे वर्षांपूर्वी कुलाबा जिल्ह्याच्या या किनारपट्टीचे सरकारी हिशेबातील मोल दुसऱ्याच वस्तूमुळे होते. ती वस्तू म्हणजे मीठ.

खाजणात बांध घालायचे, उधाणाच्या भरतीचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवत ते उन्हात आटवायचे आणि पावसाळ्यापूर्वी मिठाच्या राशी काठावर रचायच्या. ‘आगर’ या शब्दाशी ज्यांचे नावच जोडलेले आहे, त्या आगरी समाजाने पिढ्यानुपिढ्या हे काम केले. समुद्र फुकट, ऊन फुकट, खर्च तो अंगमेहनतीचा. त्यामुळे मणभर मीठ पिकवायला पडणारी किंमत काही आण्यांपलीकडे जात नसे.

पण रास उभी राहिली म्हणजे ती आगऱ्याची झाली, असे नव्हते. मिठागरावर मीठखात्याचा पहारा असे. वजन, कराचा भरणा आणि परवाना झाल्याशिवाय एक पोतेही हलवता येत नसे. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने ही व्यवस्था आणखी घट्ट केली. ओहोटीनंतर खडकाच्या खळग्यात आपोआप धरलेले मीठ मूठभर उचलणे हाही गुन्हा ठरू शकत होता.

आता कराचा आकडा पाहा. १८८८ पासून मिठावरील कर मणाला अडीच रुपये होता. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे आणि मणाचे शेरही चाळीस. म्हणजे शेरामागे बरोबर एक आणा. काही आण्यांत पिकणाऱ्या मणावर चाळीस आण्यांचा कर! बाजारात मीठ घेणारा माणूस मिठाची किंमत थोडी आणि सरकारची किंमत जास्त मोजत होता.

पाच माणसांच्या घरात वर्षाला चोवीस-पंचवीस शेर मीठ लागते असे धरा. कर झाला दीड रुपया. मजुराची रोजी तीन आणे धरली, तर वर्षातले आठ दिवस तो केवळ मिठाच्या करासाठी राबला. मुंबईतल्या लखपतीच्या घरातही पाच माणसे असली, तर त्याचा करही दीड रुपयाच. शिवाय कोकणात मीठ फक्त पानात वाढायचे नसते. पावसाळ्याच्या बेगमीची मासळी खारवायला मीठ लागते, आंबोशीला लागते, गुरांनाही लागते. ज्याच्या घरात धान्य कमी, त्याच्या भाकरीबरोबर मीठ-मिरचीच जास्त. हा कर गरिबाला अधिक बोचतो, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नव्हती. सरकारलाही ते ठाऊक होते.

मग अडीच रुपयांचा आकडा आला कोठून?

मुंबई इलाख्यात १८३७ मध्ये मिठावर मणाला आठ आणे कर बसला. पुढच्या चाळीस वर्षांत तो टप्प्याटप्प्याने चढत गेला. १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरायला एक वाढ, नंतर आणखी वाढी, आणि १८७७-७८ च्या सुमारास थेट अडीच रुपये. १८८२ मध्ये तो दोन रुपयांवर आणण्यात आला. जानेवारी १८८८ मध्ये पुन्हा अडीच.

ही १८८८ ची वाढ नीट पाहण्यासारखी आहे, कारण पुढच्या सगळ्या वादाचे मूळ तिच्यात आहे. सरकारसमोर दोन खर्च उभे होते. एक, वरचा ब्रह्मदेश खालसा करण्याच्या लढाईचा. दुसरा, रुपयाच्या घसरणीचा. इंग्लंडमध्ये दरवर्षी सोन्याच्या पौंडात द्यावे लागणारे ‘होम चार्जेस’, म्हणजे कर्जावरील व्याज, निवृत्तिवेतने, भारतमंत्र्याच्या कार्यालयाचा खर्च, हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांत गोळा होत. चांदी जगभर स्वस्त होत चालली होती. १८७० च्या दशकाच्या आरंभी दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला रुपया १८९४-९५ मध्ये तेरा पेन्सच्या आसपास आला. देणे तेच, पण ते फेडायला रुपये अधिक.

ही अडचण खरी होती. मार्ग निवडला गेला तो मात्र सर्वांत सोपा. १८८२ च्या मीठ कायद्याने ठरावीक मर्यादेपर्यंत कर वाढवण्याचा अधिकार सरकारला केवळ अधिसूचनेने वापरता येत होता. नवा कायदा नको, चर्चा नको. त्या काळी नव्या कराचे विधेयक आले तरच कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलता येत असे. विधेयकच नाही, तर बोलायचे कुठे?

बोलायला जागा एकच होती, काँग्रेसचे अधिवेशन. १८९० च्या कलकत्ता अधिवेशनात मीठकर कमी करण्याच्या मागणीवर पुण्याचा एक चोवीस वर्षांचा प्राध्यापक बोलला. कोकणातल्या कोतळूकचा जन्म, शिक्षणासाठी सोसलेली ओढाताण, फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापन आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम. नाव गोपाळ कृष्ण गोखले.

रानड्यांची शिकवण कडक होती. सरकारवर टीका करायची, तर सरकारच्याच निळ्या पुस्तकांतील आकडे वापरून. भावना नंतर, बेरीज आधी. या शाळेत आणखी एक माणूस होता, ज्याचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी शाळेतील हेडमास्तर. महसूल, चलन, रेल्वे, लष्करी खर्च यांचे आकडे त्यांना पाठ असत. सरकारी नोकरीमुळे उघड राजकारण शक्य नव्हते, पण गोखल्यांच्या अर्थसंकल्पीय भाषणांमागे जोशींच्या अभ्यासाचा मोठा आधार होता. मराठी माणसाने सभा गाजवणारे वक्ते लक्षात ठेवले आणि त्यांना आकडे पुरवणारा हेडमास्तर विसरला, हे काही नवल नाही.

१८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातील सभासदांना दरवर्षी अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा मिळाली. फक्त बोलण्याची. मतदान नाही, ठराव नाही, एक पैची कपात सुचवून ती मताला टाकण्याची सोय नाही. सरकार अर्थसंकल्प मांडणार, सभासद बोलणार, अर्थसदस्य उत्तर देणार, व्हाइसरॉय समारोप करणार आणि अर्थसंकल्प जसाच्या तसा पुढे जाणार. फिरोजशहा मेहतांच्या जागी मुंबई इलाख्यातून निवडून आलेले गोखले या सभागृहात पहिल्या अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले, ती तारीख २६ मार्च १९०२. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन, अर्थसदस्य सर एडवर्ड लॉ.

वातावरण अभिनंदनाचे होते. सरत्या वर्षात सरकारच्या हाती सात कोटी रुपयांच्या घरात शिल्लक राहिली होती आणि हे सलग चौथे शिलकी वर्ष होते. दुष्काळ आणि प्लेग सोसूनही हिंदुस्थानची तिजोरी भरलेली आहे, यापेक्षा देशाच्या भरभराटीचा पुरावा कोणता, असा सूर होता.

गोखल्यांनी सुरुवातीलाच या अभिनंदनात सामील होण्यास नकार दिला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा होता : ही शिल्लक सुबत्तेची खूण नाही, ती चूक आहे. आणि चूक दुहेरी आहे. लोक इतक्या हलाखीत असताना गरजेपेक्षा जास्त कर वसूल होतो, ही पहिली. त्या वसुलीतून उरलेला पैसा दाखवून लोक सुखी आहेत असा भ्रम पसरवता येतो, ही दुसरी.

हे सिद्ध कसे केले, ते पाहण्यासारखे आहे. गोखल्यांनी १८८५ नंतरची करवाढ मांडली. १८८६ चा प्राप्तिकर, १८८८ ची मिठावरील वाढ, मग आयात मालावरील जकात, १८९६ चा देशी गिरण्यांच्या कापडावरील साडेतीन टक्के कर. प्रत्येक वेळी सरकारने दिलेले प्रमुख कारण एकच, रुपयाची घसरण. ठीक. पण १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या, रुपयांचा पुरवठा आवळला आणि १८९८-९९ पर्यंत रुपया सोळा पेन्सवर स्थिर झाला. म्हणजे ज्या आजारासाठी औषध सुरू केले तो आजार गेला. औषध चालूच.

हिशेब कोणालाही करून पाहता येईल. होम चार्जेस वर्षाला १ कोटी ६० लाख पौंड धरा. एका पौंडाचे २४० पेन्स. रुपया तेरा पेन्सचा असताना हे देणे साडेएकोणतीस कोटी रुपये होते, सोळा पेन्सचा झाल्यावर चोवीस कोटी. वर्षाला साडेपाच कोटींची बचत. मिठावरील कराचे सारे उत्पन्न त्या सुमारास साडेआठ-नऊ कोटींच्या घरात होते. १८८८ मध्ये चढवलेले आठ आणे त्या बचतीतून कधीच उतरवता आले असते आणि तरीही तिजोरीत भर राहिली असती.

आणि मजेची गोष्ट अशी की, कृत्रिमपणे महाग केलेल्या रुपयाची किंमतही रयतच मोजत होती. शेतकऱ्याच्या मालाला बाहेरच्या बाजारात मिळणाऱ्या सोन्याचे रुपये कमी होत, शेतसारा मात्र तेवढ्याच रुपयांत भरायचा. चांदीच्या दागिन्यांत साठवलेली गरिबाची पुंजी टांकसाळी बंद होताच घसरली. सरकारचा फायदा आणि लोकांचा तोटा एकाच निर्णयातून निघाले होते.

मिठाबाबत गोखल्यांनी खपाचा आकडा पुढे केला. लोकसंख्या वाढत असताना मिठाचा खप त्या मानाने वाढत नव्हता. माणशी वर्षाला दहा पौंडही मीठ पोटात जात नाही, आरोग्यासाठी वैद्यकीय मत वीस पौंडांची गरज सांगते, असे त्यांनी दाखवून दिले. ज्या देशाच्या किनाऱ्यावर मिठाच्या राशी पावसात भिजू नयेत म्हणून झाकून ठेवाव्या लागतात, त्या देशात माणसे मीठ कमी खातात, यावर उत्तर देणे अवघड होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गोखले करविरोधी नव्हते. पैसा शिक्षणावर, आरोग्यावर, पाटबंधाऱ्यांवर खर्च होत असेल तर कर द्यायला लोक तयार व्हावेत, असेच त्यांचे मत होते आणि पुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक त्यांनीच आणले. आक्षेप होता तो पैसा कोणाकडून घेतला आणि कुठे गेला यावर. लष्कर वर्षानुवर्षे मोठा घास घेत होते, पुढच्या काळात शिलकीचा पैसा रेल्वे बांधणीकडे वळत होता आणि शाळांना तुकडे मिळत होते.

त्याहून धारदार मुद्दा घटनात्मक होता. इंग्लंडमध्ये अर्थमंत्र्याला दरवर्षी संसदेपुढे जाऊन कराची गरज पटवावी लागे. जास्त वसुली झाली तर करदाते मतदार पुढच्या वेळी जाब विचारत. त्या देशाने स्वतःचा मीठकर १८२५ मध्येच रद्द केला होता. हिंदुस्थानात शिल्लक कितीही वाढली तरी सरकारला जाब विचारणारे कोणी नव्हते. त्यामुळे सावधगिरीच्या नावाखाली उत्पन्न कमी धरायचे, खर्च भरपूर धरायचा आणि वर्षअखेर शिल्लक निघाली की आनंद व्यक्त करायचा, ही सवय जडली. गोखल्यांनी ब्रिटिश अर्थनीतीचीच फूटपट्टी घेऊन ब्रिटिश सरकारला मोजले, म्हणून ते भाषण झोंबले.

पुढे काय झाले? मार्च १९०३ मध्ये मीठकर अडीचवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची सूटमर्यादा पाचशेवरून हजार रुपये झाली. १९०५ मध्ये मीठकर दीड रुपया. १९०७ मध्ये एक रुपया. शेरामागे एका आण्याचे साडेचार-पाच पै झाले. दर उतरताच मिठाचा खप वाढू लागला. लोक मीठ कमी खात होते ते आवडीने नव्हे, हे सरकारच्या पुढच्या आकड्यांनीच सिद्ध केले.

याचे सारे श्रेय एका भाषणाला देणे हा भाबडेपणा ठरेल. शिल्लक इतकी फुगली होती की काहीतरी करणे भाग होते, दिल्ली दरबारानंतर कर्झनलाही औदार्य दाखवायचे होते. पण कपात मिठापासून सुरू झाली, यामागे काँग्रेसचे ठराव आणि दरवर्षी मार्चमध्ये कलकत्त्यात पुन्हा पुन्हा ऐकवला गेलेला तो हिशेब होता, एवढे निश्चित म्हणता येते.

गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गेले. त्यानंतर जेमतेम वर्षभराने, १९१६ मध्ये, महायुद्धाच्या खर्चासाठी मीठकर पुन्हा सव्वा रुपया झाला.

युद्ध संपले, तुटी सुरू झाल्या. १९१८ पासून सलग पाच वर्षे केंद्राचा अर्थसंकल्प तुटीत गेला. आता नवी घटना होती. १९१९ च्या सुधारणांनी निवडून आलेल्यांचे बहुमत असलेली मध्यवर्ती विधानसभा आली होती आणि तिला करांवर मत देता येत होते. १९२२ मध्ये सरकारने मीठकर दुप्पट, म्हणजे पुन्हा अडीच रुपये करण्याचा प्रस्ताव आणला. सभागृहाने फेटाळला. १९२३ मध्ये ब्रिटिश अर्थखात्यातून आलेले अर्थसदस्य सर बेसिल ब्लॅकेट यांनी तोच प्रस्ताव पुन्हा मांडला. इंचकेप समितीच्या शिफारशीनुसार खर्चकपात झाली आहे, उरलेली तूट भरून अर्थसंकल्प समतोल झालाच पाहिजे, नाहीतर लंडनच्या बाजारात पत राहणार नाही, हा युक्तिवाद. सभागृहाने पुन्हा फेटाळला.

मग व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपला विशेषाधिकार वापरून कर ‘प्रमाणित’ केला. लोकनियुक्त सभागृह नाही म्हणत असताना अडीच रुपये लागू झाले. सुधारणांवर विश्वास ठेवून सभागृहात बसलेल्या नेमस्तांची यामुळे जी नाचक्की झाली, ती विरोधकांच्या शंभर भाषणांनी झाली नसती. त्याच वर्षीच्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाने त्यांना मागे सारले. १९२४ मध्ये कर सव्वा रुपयावर परतला.

तीन वर्षे शेजारी ठेवून पाहा. १८८८ : तूट आहे, म्हणून मिठावर अडीच रुपये. १९०२ : शिल्लक आहे, तरी मिठावर अडीच रुपये. १९२३ : पुन्हा तूट, पुन्हा अडीच रुपये. सरकारी अर्थशास्त्रात मीठकराला अडचणीच्या काळासाठीचे राखीव साधन मानले जाई. कागदावर हा विवेक वाटतो. पेणच्या मिठागरावरून पाहिले तर त्याचा अर्थ एवढाच की, राज्यकर्त्यांच्या प्रत्येक अडचणीची राखीव तिजोरी म्हणजे मजुराचे ताट. तूट भरायला प्राप्तिकर होता, आयात जकात होती, लष्करी कपात होती. पण त्या प्रत्येकामागे ओरडणारा कोणीतरी होता : लँकेशायरचे गिरणीवाले, युरोपीय व्यापारी, सेनापती. मीठ खाणारा ओरडला तरी कलकत्त्यापर्यंत आवाज जात नव्हता.

१९३० मध्ये गांधींनी लढ्यासाठी मीठ निवडले तेव्हा अनेक मोठ्या नेत्यांनाही ते हास्यास्पद वाटले होते. गोखल्यांना राजकीय गुरू मानणाऱ्या माणसाला मिठाचा हिशेब नवा नव्हता. फरक एवढाच, गुरूने तो हिशेब व्हाइसरॉयसमोर वाचला आणि शिष्याने तो दांडीच्या किनाऱ्यावर मुठीत उचलला. महाराष्ट्रात वडाळ्याच्या मिठागरांवर आणि शिरोड्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या. १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मीठ तयार होणाऱ्या भागांतील गावकऱ्यांना घरच्या वापरासाठी आणि गावातल्या गावात विकण्यासाठी मीठ गोळा करण्याची मुभा मिळाली. खाडीकाठच्या गावांना कराराच्या इतर कलमांपेक्षा हे एक कलम अधिक कळण्यासारखे होते. कायदा मात्र कायम राहिला, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत जागतिक मंदीतली तूट भरण्यासाठी आलेल्या पुरवणी अर्थसंकल्पात मीठकरावर पंचवीस टक्के अधिभार चढला. पुन्हा तूट, पुन्हा मीठ.

मीठकर अखेर रद्द झाला तो १ एप्रिल १९४७ पासून, हंगामी सरकारच्या काळात. तो अर्थसंकल्प मांडणारे अर्थसदस्य होते लियाकत अली खान, पुढे काही महिन्यांत पाकिस्तानचे पहिले पंतप्रधान. आपल्या पाठ्यपुस्तकांत दांडीला पाने मिळतात, या एप्रिलला एक ओळही क्वचित मिळते.

आणि एक छोटी पुरवणी. स्वतंत्र भारताने १९५३ मध्ये मिठावर उपकराचा कायदा केला. मीठखात्याचा खर्च आणि मिठागर कामगारांचे कल्याण हे त्याचे हेतू, दर मणाला दोन आणे. केंद्रात तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, याच कुलाबा जिल्ह्यात जन्मलेले आणि रोह्याशी घरोबा असलेले. चाळीस आण्यांच्या जागी दोन आणे, आणि ते ठरले निवडून आलेल्या संसदेच्या मताने.